पन्नाशीनंतरच्या उन्हाळी सँडल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळा आला की बंद बूट कपाटात जातात आणि पाय मोकळे होतात. याच दिवसांत पन्नाशी ओलांडलेल्या मैत्रिणी मला सगळ्यात जास्त प्रश्न विचारतात. दहा वर्षांपूर्वीची चप्पल आता पायात नको वाटते आणि ‘आरामाची’ म्हणून समोर येते ती घालावीशी वाटत नाही, ही सगळ्यांचीच तक्रार. माझ्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी हाडाची गाठ आहे, त्यामुळे खालच्यापैकी बरंचसं मला माझ्या पायानेच शिकवलं. बाकीचं वाचून, विचारून आणि पुष्कळ सँडल पायात घालून बघून कळलं.

पूर्वी मला ५ नंबर व्हायचा, आता ६ लागतो. या वयात पाय खरंच मोठा होतो का?

होतो. हाडं वाढत नाहीत, पण पाय पसरतो. एका पायात २६ हाडं आणि ३३ सांधे असतात आणि हा सगळा पसारा अस्थिबंधांनी एकत्र बांधलेला असतो. वर्षानुवर्षं वजन पेलून हे बंध सैलावतात, तळपायाची कमान थोडी खाली बसते, आणि पाय लांबीला थोडा नि रुंदीला बराच वाढतो. काहीजणींचा नंबर गरोदरपणात वाढलेला असतो आणि नंतर कमी झालेला नसतो. तेव्हा ते लक्षात येत नाही, कारण बाळाच्या धांदलीत स्वतःच्या चपलेकडे कोण बघतंय?

दुसरा बदल डोळ्यांना दिसत नाही, पण जास्त जाणवतो. टाचेखाली आणि चवड्याखाली निसर्गाने चरबीची एक गादी दिलेली असते. वय वाढतं तशी ती पातळ होते. पातळ तळाच्या चपलेत फरशी थेट हाडाला लागल्यासारखी वाटते ती यामुळेच.

म्हणजे बदललं आहे ते पायाचं माप आणि पायाची गादी. आवड बदललेली नाही. लाल पट्ट्याची सँडल तीस वर्षांपूर्वी आवडत होती तर आजही आवडू दे. फक्त ती आजच्या पायाला बसणारी हवी.

माप नेमकं कसं घ्यायचं?

संध्याकाळी घ्या. दिवसभराच्या वावराने पाय थोडे सुजतात आणि उन्हाळ्यात तर जास्तच, त्यामुळे सकाळी छान बसलेली सँडल संध्याकाळी काचते.

जमिनीवर जाडसर कागद ठेवा, त्यावर दोन्ही पायांवर सारखं वजन देऊन उभ्या राहा आणि दुसऱ्या कुणाला तरी पायाभोवती पेन्सिल फिरवायला सांगा. स्वतः वाकून काढलं की वजन हलतं आणि रेघ चुकते. पेन्सिल उभी सरळ धरायची, पायाखाली तिरकी शिरता कामा नये. दोन्ही पायांचं काढा, कारण ते बहुधा सारखे नसतात. माप मोठ्या पायाचं धरायचं.

आता ही आकृती कात्रीने कापून घ्या. माझी मी कापली तेव्हा पहिल्यांदा नीट दिसलं की अंगठ्याच्या मुळाशी माझा पाय बाहेर झुकलेला आहे आणि करंगळीकडेही फुगीर आहे. तोपर्यंत मी निमुळत्या तोंडाच्या सँडल विकत घेऊन ‘वापरून सैल होईल’ म्हणत बसायचे. हा कागद जुन्या सँडलच्या तळावर ठेवून बघा. कागदाची कड जिथे तळाबाहेर येते, बरोबर तिथेच ती चप्पल तुम्हाला चावत आली आहे. नवी घेतानाही कागद सोबत न्या. सगळ्यात लांब बोटापुढे साधारण १ सेंटिमीटर जागा उरायला हवी. सगळ्यात लांब बोट म्हणजे अंगठाच असं नाही, पुष्कळजणींचं दुसरं बोट लांब असतं.

एकाच पायाला कुठे ५, कुठे ३८, कुठे ७ नंबर कसा?

मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. ब्रिटिश आणि अमेरिकी पद्धतीत एक नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच, सुमारे साडेआठ मिलिमीटर. युरोपियन पद्धतीत एक नंबर म्हणजे दोन तृतीयांश सेंटिमीटर, सुमारे पावणेसात मिलिमीटर. त्यामुळे तक्ते तंतोतंत जुळत नाहीत. ब्रिटिश ५ म्हणजे युरोपियन साधारण ३८ आणि अमेरिकी बायकांच्या मापात साधारण ७. नंबरावर विसंबण्यापेक्षा पायाची लांबी मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा.

रुंदीचंही माप असतं, हे पुष्कळजणींना ठाऊकच नसतं. काही कंपन्या एकाच नंबरात नेहमीची, रुंद आणि जास्त रुंद अशी सोय देतात. पाय रुंद झाला म्हणून लांबीला मोठा नंबर घेतला तर टाच मागे सरकते, पाय पुढे घसरतो आणि चवड्याचं वळण भलत्याच जागी येतं. आधी रुंद मापात शोधा, नाहीच मिळालं तर नंबर वाढवा.

सध्या उन्हाळ्यासाठी चलतीत काय आहे, आणि त्यातलं आपल्याला काय चालेल?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, कारण गेल्या काही वर्षांत फॅशनचं वारं आपल्या बाजूने वाहतंय. उंच पेन्सिल हील मागे पडली आणि जे आकार पायाला मानवतात तेच मिरवायला लागले.

पहिला मान कॉर्कच्या घडीव तळाच्या सँडलला. बिर्केनस्टॉक या जर्मन कंपनीने १९६३ मध्ये एका पट्ट्याची आणि १९७३ मध्ये दोन रुंद पट्ट्यांची सँडल आणली. तळ पायाच्या आकाराचा, टाचेला खोलगट वाटी, कमानीखाली उंचवटा. त्या वेळी ती दवाखान्यातली वाटायची. आज अनेक कंपन्या तोच आकार चकचकीत चामड्यात, मोठ्या बक्कलांसह काढतात. सुरुवातीचे आठ-दहा दिवस ती कडक लागते, मग कॉर्क दबून तुमच्या पायाचा ठसा घेतो. बक्कलं असल्यामुळे पट्टा सकाळी एका भोकात आणि सुजलेल्या पायाला संध्याकाळी पुढच्या भोकात अडकवता येतो. एवढ्याशा सोयीसाठीसुद्धा मी तिला नेहमी पुढे ठेवीन.

दुसरी आडव्या-उभ्या विणलेल्या पट्ट्यांची बंद तोंडाची सँडल, जिला फिशरमन सँडल म्हणतात. बोटं झाकलेली राहतात, तरी पट्ट्यांतून हवा खेळते. बोटं वाकडी झाली असतील किंवा नखं दाखवायची नसतील तर यासारखा दुसरा आकार नाही. दाब अनेक पट्ट्यांवर वाटला जातो, म्हणून एकाच जागी काचत नाही. पट्ट्यांच्या फटीतून गाठ नेमकी बाहेर येते का, तेवढं मात्र पायात घालून बघायचं.

तिसरी वेल्क्रोच्या पट्ट्यांची खेळकर सँडल. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनच्या नदीत वाटाड्याचं काम करणाऱ्या मार्क थॅचर यांनी चपलेला घोट्यामागून पट्टा जोडला, कारण साधी चप्पल पाण्यात वाहून जायची. त्यातून टेवा ही सँडल जन्मली. आता त्याच धाटणीच्या सँडल एकरंगी, मऊ पट्ट्यांच्या आणि किंचित जाड तळाच्या मिळतात. सुती पँट असो की गुडघ्याखाली येणारा ड्रेस, दोन्हींवर त्या शोभतात. प्रवासात मी दुसरं काही नेत नाही.

चौथी मेरी जेन, म्हणजे पायाच्या पाठीवरून आडवा पट्टा असलेला सपाट जोडा. उन्हाळ्यात तो जाळीच्या कापडात किंवा विणलेल्या चामड्यात येतो. तिचीच चुलतबहीण बॅलेरिना, म्हणजे पट्टा नसलेला उथळ, सपाट जोडा. १९५६ मध्ये फ्रेंच अभिनेत्री ब्रिजित बार्दोसाठी रेपेटो या कंपनीने जो जोडा घडवला तेव्हापासून ती फॅशनमधून कधी पुरती गेलीच नाही. पण बॅलेरिनाला पाय धरून ठेवायला काही नसतं. बोटं आखडून ती सांभाळावी लागते आणि तळ बहुधा कागदासारखा असतो. दोघींत निवड करायची तर पट्टा असलेली मेरी जेन घ्या.

पाचवी एस्पाड्रिल, तागाच्या दोराने गुंडाळलेल्या तळाची. पिरेनीज डोंगराच्या परिसरातल्या कष्टकऱ्यांचं हे पायताण १९७० च्या दशकात फॅशन डिझायनर इव्ह साँ लोराँ यांनी वेजवर, म्हणजे टाचेपासून चवड्यापर्यंत सलग भरीव उंच तळावर, चढवलं आणि ते जगभर गेलं. कापडी असल्यामुळे हलकी आणि हवेशीर. ताग पाण्यात भिजला की मात्र फुगतो आणि लवकर कुजतो, म्हणून कोरड्या दिवसांसाठीच. तागाखाली रबराचा थर आहे ना, हे उलटून बघा.

मागे पट्टा असलेला स्लिंगबॅक सहावा. शनेल या फ्रेंच फॅशन कंपनीने १९५७ मध्ये बेज रंगाचा, काळ्या टोकाचा काढला. काळं टोक पाऊल लहान दाखवतं आणि बेज रंग पाय लांब दाखवतो, ही त्यामागची युक्ती. तोंड गोलसर किंवा चौकोनी आणि टाच बुटकी असेल तर समारंभाला उत्तम. टोकदार तोंडाचा कितीही सुंदर दिसला तरी मी घेत नाही.

पारदर्शक प्लॅस्टिकच्या जेली सँडल पुन्हा आल्या आहेत. घामाने आत पाय निसटतो, कडा काचतात. तासाभरासाठी ठीक.

मागे पट्टा नसलेल्या, नुसत्या सरकवायच्या चपला सोप्या पडतात. त्या वाईट का?

घरात, अंगणात, दहा मिनिटांच्या कामाला चालतात. लांब चालायला नाही. चप्पल निसटू नये म्हणून प्रत्येक पावलाला बोटं नकळत आखडली जातात. हजारो पावलं असं झालं की चवडा आणि पोटऱ्या दुखतात, आणि बोटं आधीच वाकडी असतील तर घट्टे पडतात. टाचही मोकळी राहते, बाजूला पसरते, आणि कोरड्या कातडीला भेगा जातात.

मला कुणी एकच कसोटी विचारली तर मी हीच सांगते: सँडल पायाला धरून ठेवते, की पाय सँडलला धरून ठेवतो? घालून चार पावलं चाला. बोटं सैल सोडली तरी ती पायातच राहिली तर घ्या.

वाकून बक्कल लावणं जड जात असेल तर मागचा पट्टा लवचीक असलेल्या किंवा वेल्क्रोच्या सँडल बघा. काही सँडलना दिसायला बक्कल आणि आतून चाप असतो. त्या दिसायला नाजूक आणि घालायला सोप्या.

हील कायमची सोडून द्यायची का?

नाही. पण उंचीपेक्षा हीलचा घेर आणि पायाचा उतार बघा. टाच जितकी वर जाते तितकं वजन चवड्यावर सरकतं, आणि चवड्याखालची गादी तर आधीच पातळ झालेली. ३ ते ४ सेंटिमीटरपर्यंतची, ठोकळ्यासारखी रुंद हील बहुतेक निरोगी पायांना झेपते.

उंची हवीच असेल तर वेज किंवा प्लॅटफॉर्म बघा. वेजचा शोध टंचाईतून लागला. १९३० च्या दशकात चांगलं पोलाद मिळेना, तेव्हा इटलीचे पादत्राण कारागीर साल्वातोरे फेरागामो यांनी टाच आणि चवडा यांमधली पोकळी कॉर्कच्या तुकड्यांनी भरून काढली. भार सगळ्या तळावर पसरला आणि बायकांना उंच होऊनही आरामात चालता आलं. प्लॅटफॉर्मचं गणित वजाबाकीचं आहे. मागे ५ सेंटिमीटर आणि पुढे ३ सेंटिमीटर जाडी असेल तर पायाला उतार फक्त २ सेंटिमीटरांचा लागतो. पण जाड तळ वाकत नाही आणि जमिनीचा अंदाज देत नाही. घोटा मुरगळण्याची सवय असेल तर तीन-साडेतीन सेंटिमीटरहून जाड तळ नको.

मग अगदी सपाट चप्पल सगळ्यात सुरक्षित ना?

असं वाटतं खरं. पण कागदासारखी सपाट, पातळ चप्पल टाचेला आणि तळव्याच्या स्नायुबंधाला ताणते, कमानीला काहीच आधार देत नाही. टाचेखाली दीड-दोन सेंटिमीटर उंची आणि कमानीखाली थोडा उंचवटा असला की पोटऱ्यांवरचा ताण कमी होतो. ज्यांनी आयुष्यभर हील घातली त्यांनी तर एकदम सपाटवर येऊ नये. त्यांच्या पोटऱ्यांचे स्नायू आखूड झालेले असतात. हळूहळू खाली या.

अंगठ्याच्या मुळाशी हाड वाढलंय. उघडी सँडल घालवत नाही.

मलाही वर्षानुवर्षं घालवत नव्हती. गाठ झाकायला मी अरुंद बंद जोडे घालायचे आणि त्यांनीच ती जास्त लाल व्हायची. सांगायची गोष्ट एवढीच, की पट्टा गाठीवरून जाता कामा नये. तो गाठीच्या मागून जावा, किंवा गाठीवर मऊ, रुंद, ताणणारं कापड यावं. शिवणही तिथे नको. दुकानात बोट आत घालून शिवण कुठे येते ते चाचपून बघा.

तिरप्या, एकमेकांवरून जाणाऱ्या रुंद पट्ट्यांची सँडल गाठीला सावलीत ठेवते आणि नजर पट्ट्यांच्या नक्षीकडे जाते. गडद किंवा मॅट रंगात गाठ कमी दिसते, चकचकीत चामड्यात उठून दिसते. सँडलने गाठ बरी होत नाही, पण दाब कमी झाला की दुखणं आणि लाली बरीच कमी होते. सतत ठणकत असेल तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

सकाळी उठल्यावर पहिली पावलं टाकताना टाच दुखते. काय घालू?

हे बहुधा तळव्याच्या स्नायुबंधाचं दुखणं असतं. टाचेला खोल वाटी, कमानीला आधार आणि टाचेखाली थोडी उंची असलेली सँडल घ्या. ती पलंगाजवळच ठेवा. सकाळी फरशीवर अनवाणी पहिलं पाऊल पडतं तिथूनच दिवसाची कळ सुरू होते. घरातसुद्धा आधाराची सँडल घालणं या दुखण्यात फार उपयोगी पडतं. पोटऱ्या ताणण्याचे व्यायाम सोबत हवेतच.

चवड्याखाली खडा रुतल्यासारखं होतं, कधी बोटांत मुंग्या येतात.

सँडल झटकून बघितली आणि खडा नाही, तर ते नसेचं दुखणं असू शकतं. तिसऱ्या-चौथ्या बोटांच्या मध्ये नस जाड होते आणि अरुंद तोंडात चेपली जाते. रुंद तोंड, बुटकी टाच आणि चवड्याखाली गादी, एवढं तातडीने करा आणि डॉक्टरांना दाखवा. अंगठ्याचा सांधा कडक झाला असेल तर पुढच्या बाजूला वर वळलेला, होडीसारखा तळ बघा. पाऊल त्यावरून पुढे लोळतं आणि सांधा कमी वाकवावा लागतो.

मधुमेह आहे. उघड्या सँडल घालू शकते का?

हा प्रश्न मी फॅशनचा मानत नाही. मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असू शकते. तापलेल्या फरशीने किंवा वाळूने फोड आले तरी कळत नाही, काचलेलं कळत नाही, आणि साधी जखमही चिघळते. म्हणून आधी डॉक्टरांकडून संवेदनेची तपासणी करून घ्या. ते नायलॉनच्या एका बारीक तंतूने तळव्याला स्पर्श करून बघतात. दुखत नाही, दोन मिनिटांत होते.

संवेदना कमी असेल तर बोटं झाकणारी, आतून शिवण नसलेली, पट्टे कमीजास्त करता येतील अशी सँडल घ्या. अंगठ्याची चप्पल, म्हणजे दोन बोटांच्या मधून वादी जाणारी, घेऊ नका, कारण तिथली कातडी नाजूक असते आणि घासून सोलवटते. घालण्याआधी दर वेळी आत हात फिरवून खडा, उसवलेला धागा, वर आलेला खिळा नाही ना ते बघा. रात्री तळवे आरशात तपासा. बाहेर अनवाणी अजिबात नको.

घाम येतो, पाय आत निसटतो, वासही येतो.

दोन्ही पायांत मिळून घामाच्या सुमारे अडीच लाख ग्रंथी असतात, त्यामुळे घाम येणारच. तो शोषला जाईल किंवा उडून जाईल असा तळ हवा. आतून खरं चामडं, स्वेड किंवा कॉर्क असेल तर पाय धरून राहतो. प्लॅस्टिकचा गुळगुळीत थर असेल तर घसरतो. वास घामाला नसतो, घामावर वाढणाऱ्या जंतूंमुळे येतो. म्हणून एकच सँडल रोज घालू नका, एक दिवस तिला वाळू द्या. बोटांच्या बेचक्या पुसून कोरड्या ठेवा.

फोड येत असतील तर जिथे घासतं तिथे आधीच चिकटपट्टी लावा. फोड आल्यावर लावण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

चामडं, रबर, ईव्हीए, पीयू... यातलं काय घ्यावं?

वरच्या पट्ट्यांना मऊ चामडं सगळ्यात छान, ते पायाप्रमाणे सैलावतं. ताणणारं विणलेलं कापड गाठी आणि सूज असलेल्या पायांना त्याहून बरं.

तळाचं सांगायचं तर ईव्हीए, म्हणजे फेसासारखं फुगवलेलं प्लॅस्टिक, पिसासारखं हलकं आणि मऊ, पण वापराने दबतं आणि मग उसळी देत नाही. रबर जड, पण टिकाऊ आणि ओल्या फरशीवर धरून ठेवणारं. खाली रबर, मध्ये हलका थर, वर चामडं अशी रचना मला सगळ्यात पटते. कॉर्क ओकच्या सालीपासून मिळतो. साधारण ९ वर्षांनी एकदा साल काढतात आणि झाड जिवंत राहतं. कॉर्कच्या कडा उघड्या असतील तर त्यांना पाणी आणि गाडीतलं ऊन, दोन्हींपासून जपा.

पट्ट्यांच्या आकाराचा खाजरा, लाल चट्टा पायावर उठत असेल तर ती अॅलर्जी असू शकते. चामडं कमावताना वापरलेल्या क्रोमियमची, नाहीतर गोंदाची किंवा रबरातल्या रसायनांची. युरोपीय संघाने २०१५ पासून चामड्यातल्या घातक क्रोमियमवर मर्यादा घातली आहे. त्वचेच्या डॉक्टरांकडे पॅच टेस्ट, म्हणजे संशयित पदार्थ त्वचेवर चिकटवून बघायची चाचणी, करून घेतली की नेमकं काय टाळायचं ते कळतं. वनस्पतींच्या सालीने कमावलेलं चामडं हा क्रोमियमवाल्यांसाठी पर्याय आहे.

कपाटात जपून ठेवलेल्या सँडलचा तळ अचानक भुगा कसा झाला?

माझ्याही झाला. सोनेरी, फक्त समारंभाला घालायच्या म्हणून मलमलीच्या पिशवीत ठेवलेल्या. चार वर्षांत जेमतेम पाचदा घातल्या असतील. सहाव्यांदा घातल्या आणि सभागृहात शिरताना मागे वळून बघते तर माझ्या पावलांबरोबर करड्या चुऱ्याची रांग. बसेपर्यंत एका पायाखालचा तळ पुरता गेला होता.

तो पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा तळ होता. हवेतल्या दमटपणाने हे रसायन आतून हळूहळू तुटतं आणि न वापरता ठेवलं तरी काही वर्षांत ठिसूळ होतं. म्हणून अशा सँडल जपून ठेवू नका, घाला. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका. हंगामाच्या सुरुवातीला अंगठ्याने तळ दाबून बघा. चिकट लागला, भेग दिसली किंवा कण सुटले तर महत्त्वाच्या दिवशी घालू नका. वरचा भाग चांगला असेल तर कुशल कारागीर रबराचा नवा तळ बसवून देतात.

पायाच्या टाचा भेगाळल्या आहेत. झाकू की उघड्या ठेवू?

दिवसा टाच धरून ठेवणारी सँडल घाला, रात्री युरिया असलेलं क्रीम चोळून सुती मोजे घाला. भेगेतून रक्त येत असेल तर क्रीम बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा. दगडाने जोरात खरवडू नका, फार खरवडलं की जाड कातडी आणखी जाड होऊन येऊ शकते.

रंग कोणता घेऊ? काळी आणि तपकिरी घालून कंटाळा आला.

मग घेऊच नका! फिकट सोनेरी, तांब्याची झाक असलेला किंवा चांदीचा रंग उन्हाळ्याच्या जवळजवळ सगळ्या कपड्यांवर जातो. दिवसा साधा दिसतो, संध्याकाळी सजलेला. पाय लांब दिसावेत असं वाटत असेल तर स्वतःच्या कातडीच्या रंगाजवळची छटा घ्या. घोट्याभोवतीचा जाड पट्टा पाय तोडल्यासारखा दाखवतो, त्याऐवजी बारीक किंवा टाचेमागून खाली जाणारा पट्टा बघा. आणि एक तरी जोडी मन म्हणेल त्या रंगाची घ्या. माझी मोरपंखी आहे. ती घातली की बाकी कपडे पांढरे घालते.

दुकानात चांगली सँडल ओळखायची कशी?

हातात घेऊन वाकवा. ती चवड्यापाशी, म्हणजे बोटं वाकतात तिथे वाकायला हवी. मधोमध दुमडली तर परत ठेवा. मग ओल्या कपड्यासारखी पिळून बघा, सहज पिळली जाते तीही नको. टेबलावर ठेवून टाचेला हलकी टिचकी मारा, डगमगली तर हील नीट बसलेली नाही. तळाला खाचा आहेत का बघा. शेवटी दोन्ही पायांत घालून किमान पाच मिनिटं कडक जमिनीवर चाला, गालिच्यावर नाही. ‘वापरून सैल होईल’ असं कुणी म्हणालं तर ते चामड्याच्या पट्ट्यापुरतं खरं, तळाच्या रुंदीला ते लागू नाही.

ऑनलाइन घेताना संध्याकाळी घालून बघा, घरातच चाला, आणि परत करण्याची मुदत संपण्याआधी ठरवा.

आईचं वय ८० च्या पुढे आहे, तोल जातो. तिला काय घेऊ?

तिच्यासाठी नियम कडक आहेत. टाच २.५ सेंटिमीटरपेक्षा कमी, घेर रुंद, मागून पट्टा, वेल्क्रोने घट्ट होणारी. तळ पातळसर आणि थोडा कडक हवा. गुबगुबीत मऊ तळ आरामाचा वाटतो, पण त्यावर पायाला जमीन कळत नाही आणि तोल जास्त जातो. घरातल्या ढिल्या सपाता काढून टाका, पडण्याला त्या फार कारण होतात. रंग तिला निवडू द्या. स्वतः निवडलेली सँडल ती आपण होऊन घालेल.

पायाला सनस्क्रीन लावायचं असतं का?

हो. पायाच्या पाठीवर आणि बोटांवर, सँडल घालायच्या आधी. पट्ट्यांचे पांढरे-काळे चट्टे टळतात आणि कातडी जपली जाते. तळव्यावर किंवा नखाखाली नवा काळा डाग दिसला आणि तो बदलत असेल तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

किती जोड्या पुरेत, आणि जुनी कधी टाकावी?

मला तीन पुरतात: रोज चालायला आधाराची, समारंभाला बुटक्या हीलची, आणि पाण्यापावसात चालेल अशी धुता येणारी. रोजच्या दोन असल्या तर आलटून पालटून जास्त टिकतात.

जुनी टेबलावर ठेवून मागून बघा. टाच एका बाजूला झिजून कलली असेल, तर ती घालून तुम्ही रोज कललेल्या जमिनीवर चालताय. नुसती टाच झिजली असेल तर बदलून घ्या. आतली गादी अंगठ्याने दाबल्यावर परत वर येत नसेल, किंवा पट्टा तळातून सुटायला लागला असेल, तर ती जोडी काढून टाका आणि तुमच्या पायाची कागदी आकृती घेऊन नवी बघायला निघा.